राहू दे की दोन दिवस

अप्पा खांबेटे माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या हातांकडे बघत. माझ्या बाबतीतही तेच झालं. डोंबिवलीत त्यांच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन मी बायकोमुलासह राहायला आलो, तेव्हा स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली होती. टांग्यातून ट्रंका उतरवल्या, घाम पुसला आणि अंगणात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर जरा हात टेकून उभा राहिलो. घरातून एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, खांद्यावरचं फडकं काढलं, मी हात उचलेपर्यंत थांबले आणि माझ्या पंजाचा ठसा हलकेच टिपून घेतला. मग म्हणाले, "या. प्रवास बरा झाला ना?"

आतून माईंचा आवाज आला, "अहो, माणसं आलीत की ठसे?"

अप्पा म्हणाले, "दोन्ही आलेत."

त्या दोघांच्या संसाराची ही अशी सुरुवात माझ्या कानावर पडली. पुढची आठ वर्षं मधली एक भिंत सोडली तर आम्ही जवळजवळ एकाच घरात राहिलो. तरी मी अप्पांना ओळखत होतो असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. का, ते पुढे येईलच.

अप्पा मुंबईत मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. रंगखात्यात साधे कामगार म्हणून लागले आणि फोरमन होऊन बाहेर पडले. कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने स्वतःची गाडी अप्पांना जवळजवळ फुकटात देऊन टाकली. अंगणातल्या मातीने घासणाऱ्या माणसाच्या हाती मी ही गाडी पडू देणार नाही, असं काहीसं तो म्हणाला म्हणे. अप्पा ती घेऊन डोंबिवलीला आले. इथे तेव्हा मोटार चालवायला रस्ता होता असं म्हणणं धाडसाचं आहे. स्टेशनपासून घरापर्यंत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि पावसाळ्यात तर टांगेवालासुद्धा अर्ध्या वाटेत उतरवून द्यायचा. त्यामुळे गाडी वर्षातून चार-पाच वेळा बाहेर पडे. धुतली मात्र दर रविवारी जाई. ज्या गाडीवर धूळ बसायची सोय नाही ती दर आठवड्याला कशाला धुवायची, असं मी एकदा विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "तुम्ही कचेरीत जाता तेवढ्याच दिवशी अंघोळ करता का?"

मूलबाळ नव्हतं त्यांना. गाडीचे लाड त्यामुळेच, असं आळीतल्या बायका म्हणत, आणि माईंच्या तोंडावरही म्हणत. माई हसून सोडून देत. त्या ठेंगण्या, गोऱ्या, अखंड बोलणाऱ्या होत्या आणि अप्पांच्या वाटणीचंही बोलणं त्याच करत. त्यांची मोठी तक्रार एकच होती, पाण्याची. अंगणातल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्या पाण्याने गाडी धुतली की वाळल्यावर काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठत. म्हणून रविवारी सकाळी अप्पा देवळाजवळच्या गोड्या विहिरीवरून स्वतः सहा बादल्या पाणी आणत. गडी लावायचे नाहीत, कारण गडी बादली मातीत टेकवतो. आणि माई मचूळ पाण्यात तुरीची डाळ शिजत घालून बसत. ती शिजायची नाही. "मोटारीला गोडं आणि डाळीला खारं," त्या कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगत, "या घरात कुणाचं पोट आधी भरतं ते बघून घे." मग अप्पा सातवी बादली आणत. ही सातवी बादली दर रविवारी यायची, पण तक्रार झाल्याशिवाय कधी यायची नाही.

धुण्याची त्यांची एक रीत होती आणि तिच्यात तसूभर फरक चालत नसे. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धारेने. फडक्याला हात नाही. "घाण काढायची असते, घासायची नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याने जेवढी जाईल तेवढी माती स्वतःच्या पायाने जाऊ द्यायची. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं, तेही दाबायचं नाही. फडकं चुकून जमिनीवर पडलं तर ते मेलं. धुऊन, उकळूनही परत गाडीला लागायचं नाही, कारण त्यात वाळूचा एक कण राहिला असला तरी तो रंगावर रेघ ओढतो. अशी मेलेली फडकी माई चुलीपाशी भांडी धरायला घेत. आमच्याही घरात त्यातली दोन-तीन होती.

फडकी कसली, तर माईंच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची. बाजारातल्या मलमलीवर अप्पांचा विश्वास नव्हता. सहा-सात वर्षं नेसून, शेकडो वेळा धुऊन सूत जेव्हा सायीसारखं होतं तेव्हा ते रंगाला लावायच्या लायकीचं होतं, असं ते म्हणत. माईंचं एखादं लुगडं विरायला आलं की अप्पांचं लक्ष त्याच्याकडे लागे. "अहो, नेसू द्या की अजून महिनाभर," माई म्हणत. अप्पा घाई करत नसत, पण मधून मधून पदराचं टोक दोन बोटांत धरून बघत. फाडलेल्या तुकड्यांची एक पिशवी गाडीच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असे.

मेण ते घरी करत. कल्याणच्या बाजारात डोंगरातल्या ठाकरणी मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन बसायच्या, ते आणायचं, किसायचं, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं आणि चूल विझवून, भांडं लांब अंगणात नेऊन त्यात टर्पेंटाइन घालायचं. तो वास आमच्या खोल्यांत दोन दिवस राही. मेण अगदी पातळ लावायचं, सावलीत वाळू द्यायचं, आणि मग काढायचं सरळ रेघेत, पुढून मागे. गोल हात फिरवला तर उन्हात जाळी दिसते. याशिवाय एका डब्यात लालसर मलम असे, त्याला ते कटिंग म्हणत. तो डबा वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी निघे. एकदा तो उघडताना त्यांनी मला जवळ बोलावून दाखवला होता. म्हणाले, "हा चमक देत नाही बरं का. हा रंगाचा एक पापुद्रा काढून घेतो, म्हणून खालचा चमकतो. वापरायला सोपा, म्हणून धोक्याचा." मी मान डोलावली. कचेरीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला मान डोलावणं चांगलं जमतं.

हे सगळं वाचून अप्पा माणसांपेक्षा पत्र्यावर जास्त प्रेम करणारे होते असं कुणाला वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. कुसुमच्या दुसऱ्या खेपेला श्रावणातल्या एका दुपारी तिच्या पोटात अवेळी दुखू लागलं. सुईण आली, तिने बघितलं आणि कल्याणच्या दवाखान्यात न्या म्हणाली. टांगेवाला चिखलात यायला तयार नव्हता. मी अंगणात नुसता उभा होतो. माणसाने अशा वेळी काय करायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं नाही. तोवर अप्पांनी गाडी शेडमधून बाहेर काढली होती. माई मागच्या बाजूला कुसुमचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि ती गाडी, जिच्यावर माझ्या पाच बोटांचा ठसा चालला नव्हता, ती दोन फूट चिखलातून फेकल्यासारखी निघाली. काचेपर्यंत लाल पाणी उडत होतं. एका ठिकाणी कुंपणाच्या काट्या दारावर ओरखडत गेल्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अप्पांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मध्येच कुसुमला उलटी झाली ती सीटवरच. माई म्हणाल्या, "होऊ दे गं, धुवायची हौस आहे यांना."

मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी अप्पांच्या पायाला हात लावायला वाकलो तर ते मागे सरले आणि म्हणाले, "हात धुऊन या आधी." पुढे दोन दिवस ते गाडीच धूत होते. दारावरचे ओरखडे मात्र पुरते गेले नाहीत. ते कुणाला दिसले आणि विचारलं तर अप्पा "काटा लागला" एवढंच सांगत. त्या दिवसापासून या माणसासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, हे माझ्या मनात घर करून बसलं. उपकार फेडायची ही खाज चांगली नसते, हे मला फार उशिरा समजलं.

आता दसऱ्याचं. दसऱ्याला गाडीची पूजा माई करत. झेंडूची माळ अप्पांना चाले, चाकाखाली लिंबू चाले. नारळ फोडायचा तो पायरीवर, गाडीपासून दहा हात लांब. भांडण व्हायचं ते स्वस्तिकावरून. माई खोबरेल तेलात बोट बुडवून, त्याने कुंकू उचलून बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढत. दर वर्षी त्याच जागी, आणि दर वर्षी ते जरा डावीकडे कललेलं, कारण त्या ठेंगण्या होत्या आणि बाजूने वाकून काढत. चार कोपऱ्यांत चार ठिपके. अप्पा जवळ उभे राहून बघत. त्यांच्या मनात ते पुसायला सुरुवात झालेली असे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते ओलं फडकं घेऊन हजर. माई ओट्यावरून म्हणत, "राहू दे की दोन दिवस." अप्पा म्हणत, "रंग खातं ते." माई म्हणत, "खाऊ दे, सणाचं आहे." अप्पा म्हणत, "तेल आणि कुंकू, उन्हात तापलं की आत उतरतं." आणि पुसून टाकत. यात आवाज कुणाचाच चढायचा नाही. ही चार वाक्यं मी भिंतीपलीकडून सहा दसरे ऐकली. सातव्या दसऱ्यालाही ऐकली आणि त्यानंतर महिन्याभरात, कार्तिकात, माई गेल्या. चार दिवसांचा ताप झाला, पाचव्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेल्या.

त्यानंतरचे अप्पा बघायला आळीला फार दिवस अवघड गेलं. ते रडले वगैरे नाहीत. बोलत मुळातच नव्हते, आता त्यांच्या वाटणीचं बोलणारं कुणी उरलं नाही. रविवारची सातवी बादली बंद झाली, मग सहाही बंद झाल्या. गाडी शेडमध्ये ढकलायचंही त्यांनी सोडलं, अंगणात उघड्यावरच राहू दिली. कुसुम दोन वेळा ताट नेऊन देई. ताट घासूनपुसून, नीट वाळवून परत येई आणि त्यात साखरेची चिमूट घातलेली असे, कारण रिकामं भांडं परत देऊ नये ही माईंची रीत होती.

पौषात खाडीकडून धुकं येतं आणि सकाळी सगळ्यावर दव पडतं. त्या दिवसांत मी बघितलं की अप्पा मफलर गुंडाळून, गाडीसमोर स्टूल टाकून बसलेले असतात. ऊन अंगणात येईपर्यंत बसत, मग उठून जात. रोज. बॉनेटवर कधीतरी नुसतं पाणी ओतत, पण फडकं लावत नसत. बाकीच्या गाडीवर धुळीचा थर चढला, पोरांनी मागच्या बाजूला बोटाने नावं लिहिली, तेही त्यांनी पुसलं नाही. चकाकणारी गाडी महिन्यादीड महिन्यात राखेसारखी झाली. लोक म्हणाले, म्हातारा खचला. मीही तेच म्हणालो.

अप्पा तिथे काय बघत होते हे मला त्यानंतर तब्बल वर्षभराने कळलं. पण तुम्हाला ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर मी पुढे काय केलं त्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही. आम्ही यायच्या आधीचा एक दसरा धरून आठ वर्षं एकाच जागी पडलेल्या तेलाकुंकवाने अप्पा म्हणत तेच केलं होतं. रंग खाल्ला होता. उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि दर आठवड्याच्या मेणाखाली तर ते पार झाकलेलं होतं. मेण उडालं आणि गाडी उघड्यावर दवात राहिली, तेव्हा एका सकाळी अप्पांना दिसलं की बॉनेटवर सगळीकडे दवाचे बारीक थेंब आहेत, आणि मधोमध काही रेघांवर थेंब धरत नाहीत, तिथे पाणी पसरून सपाट झालं आहे. त्या रेघा जोडल्या की स्वस्तिक होत होतं. जरा डावीकडे कललेलं, चार ठिपक्यांसकट. ऊन आलं की दव उडे आणि ते जाई. दुसऱ्या दिवशी परत येई. मेणाचा एक हात फिरवला असता तर ते बुजलं असतं, आणि कटिंग, जे ते दिवाळीला बॉनेटवर अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवत, ते जोर देऊन लावलं असतं तर कायमचं गेलं असतं. म्हणून ज्या माणसाने जन्मभर चमक राखली त्याने ती मुद्दाम मरू दिली.

हे अप्पा कुणालाही बोलले नाहीत. आणि मी विचारलं नाही. सकाळी आमच्या बाजूच्या ओट्यावर दात घासताना मला ते रोज दिसायचे. "अप्पा, काय बघता?" एवढे तीन शब्द होते. पण दुःखात असलेल्या माणसाला छेडू नये, अशी आमच्यात सभ्यतेची एक कल्पना आहे, आणि ती फार सोयीची आहे.

पुढच्या हिवाळ्यात अप्पांचं अंतर्गळाचं दुखणं वाढलं आणि ऑपरेशनसाठी त्यांना ठाण्याच्या इस्पितळात ठेवलं. माझी कचेरी ठाण्यालाच, त्यामुळे सुटल्यावर मी रोज तिकडे डोकावत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "दव पडतं का हो अजून?" मी म्हणालो, "भरपूर. सर्दी सांभाळा." दोन दिवसांनी त्यांनी परत तेच विचारलं. मला वाटलं, म्हातारपणी हवापाण्याची काळजी वाटते. त्यांना तिथे वीस दिवस राहावं लागणार होतं.

कल्पना माझी होती. कुसुमला मी म्हणालो, अप्पा घरी येतील तेव्हा गाडी पहिल्यासारखी लखलखीत हवी. माणूस पुन्हा उभा राहील. कुसुम म्हणाली, "त्यांना विचारायला नको का?" मी म्हणालो, विचारलं तर नकोच म्हणतील, भिडस्त आहेत. ती भांडी आवरू लागली. मग मी म्हणालो, आपल्या पोरीचा जीव या गाडीने वाचवला आहे, आणि मग तीही पदर खोचून तयार झाली.

इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही. सात वर्षं बघून सगळी रीत पाठ झाली होती. गोड्या विहिरीचं पाणी आणलं. बादली मातीत टेकवली नाही. आधी नुसती धार, मग साबण. पिशवीतले माईंच्या लुगड्यांचे तुकडे घेतले. त्यातला एक कुसुमच्या हातून खाली पडला तर मी तो बाजूला ठेवायला लावला. गाडी फार निस्तेज झाली होती म्हणून कटिंगचा डबा काढला. सरळ रेघा, पुढून मागे. बॉनेट सगळ्यात खराब दिसत होतं, म्हणून त्याला दोन वेळा दिलं. मग मेण. दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कुसुमने बॉनेटमध्ये वाकून आपली टिकली सारखी केली, इतकं ते लखलखत होतं. मी स्वतःवर खूश होतो. त्या खुशीची मला आजही लाज वाटते.

अप्पांना मी स्टेशनवरून टांग्यातून घरी आणलं. अंगणाच्या फाटकाशी ते थांबले. गाडी उन्हात उभी होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, शाबासकीची वाट बघत. ते हळूहळू चालत गेले, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि बॉनेटसमोर उभे राहिले. मग त्यांनी आपला उजवा पंजा उघडा करून बॉनेटच्या मधोमध सपाट ठेवला. आठ वर्षांत मी त्यांना असा उघडा हात गाडीवर ठेवताना पाहिलं नव्हतं. हात उचलला तेव्हा ठसा राहिला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"छान काढलीत," ते म्हणाले. "रेघासुद्धा सरळ ओढल्यात." मग कुसुमकडे वळून म्हणाले, "दमलीस ना गं? घोटभर चहा ठेव सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मफलर बांधून स्टुलावर बसलेले दिसले. मी म्हणालो, टाके ओले आहेत, गारठ्यात बसू नका. त्यांनी मान हलवली आणि बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी दात घासायचं थांबवून, तोंड धुऊन खाली उतरलो आणि जे वर्षभरापूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं.

त्यांनी सांगितलं. वर लिहिलं आहे ते सगळं, त्याच क्रमाने, रंगाचं काम समजावून सांगावं तसं. बोटाने हवेत रेघा काढून दाखवल्या. समोर बॉनेटवर सगळीकडे एकसारखे गोल थेंब होते, मोत्यासारखे टपोरे, उत्तम मेणावर असतात तसे. मी स्टुलाशेजारी जमिनीवरच बसलो.

अप्पा म्हणाले, "तुमची चूक नाही. मी सांगायला हवं होतं. पण सांगू काय? की बॉनेटवर दव पडलं की आमची ही भेटते? तुम्ही वैद्याला बोलावलं असतं."

मी काहीतरी माफीचं बोललो असेन. ते म्हणाले, "अहो, आठ वर्षं मी तेच काढायला बघत होतो. तुम्ही काढलंत." असं म्हणून ते थोडे हसलेसुद्धा. ते हसणं मला शिवीपेक्षा जड गेलं.

त्या रविवारपासून अप्पांनी गाडी पुन्हा धुवायला सुरुवात केली. सहा बादल्या, साबण, मेण, सगळं पूर्वीसारखं. आता जपायला काही उरलं नव्हतं. आळी म्हणाली, बघा, म्हातारा सावरला. दोघा-तिघांनी तर त्याचं श्रेय मला दिलं. मी काय सांगणार? कुसुम मात्र त्यानंतर बरेच दिवस ताट द्यायला जाताना गाडी टाळून अंगणाच्या कडेने जाई.

आश्विनात माझ्या बदलीचा हुकूम आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं. दसऱ्याला कुसुम सोनं द्यायला अप्पांकडे गेली तेव्हा तिने भीतभीत विचारलं, गाडीची पूजा मी करू का? अप्पा म्हणाले, माळ तू घाल. लिंबू तू ठेव. बाकी मी बघतो. मग त्यांनी वाटीत खोबरेल घेतलं, माईंचा कुंकवाचा करंडा आणला आणि गाडीच्या बाजूला जाऊन, एवढा उंच माणूस, गुडघे वाकवून माईंच्या उंचीचा झाला. तिथून हात लांबवून त्यांनी स्वस्तिक काढलं. ते जरा डावीकडे कललं. चार ठिपके दिले आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू सरळ झाले.

दुसऱ्या दिवशी टांगा दाराशी आला होता. सामान चढवलं, मुलांना बसवलं, कुसुम वर बसली. मी किल्ली द्यायला अप्पांकडे वळलो आणि अंगणाच्या कडेलाच थांबलो. ते गाडीसमोर उभे होते. पायाशी बादली, हातात ओलं फडकं. दर वर्षीची वेळ, दर वर्षीची जागा. पण हात पुढे होत नव्हता. फडक्यातून पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं आणि ते ओट्याकडे पाठ करून, मान किंचित तिरकी धरून थांबले होते. ते कशासाठी थांबले होते हे त्या आळीत फक्त मला माहीत होतं. ती पाच शब्दांची ओळ माझ्या तोंडावर आली होती. पण ती म्हणायचा हक्क माझा नव्हता, आणि ज्याच्या हातांनी ते पुसलं गेलं त्याच माणसाने ती म्हणावी हे मला जमलं नाही. किल्ली मी ओट्यावर ठेवली आणि टांग्यात जाऊन बसलो.

टांगा वळला तेव्हा मी मागे बघितलं. ओट्यावरून कुणी काही बोललं नव्हतं. अप्पांनी फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं, बादली उचलली आणि ते सगळं गोडं पाणी तुळशीत ओतलं.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे."